टिकेल ती गाडी

बैलगाड्यांची शर्यत आपण पुष्कळ वेळा पाहिली असेल. बैल सुटतात, धुरळा उडतो, लोक ओरडतात, आणि बघता बघता शर्यत संपते. ह्या शर्यतीला वेग पाहिजे. पण हीच बैलजोडी घेऊन पंढरपूरला जायचं झालं तर? मग बैल नुसता पळणारा असून भागत नाही, तो दमाचा पाहिजे. गाडीचा आस मजबूत पाहिजे. चाकाची धाव घट्ट पाहिजे. वंगण वेळच्या वेळी पाहिजे.

मोटारगाड्यांच्याही अशाच दोन तऱ्हेच्या शर्यती असतात. एक थोड्या वेळाची. दुसरी दमाची. दमाच्या शर्यतीत गाडी कित्येक तास धावत राहते. ठरलेल्या वेळात जी गाडी मैदानाचे जास्त फेरे पुरे करते, ती पहिली येते. ह्या पाठात आपण दमाच्या शर्यतीची आणि तिच्यासाठी थोड्या पैशात गाडी तयार करणाऱ्या हौशी लोकांची माहिती घेऊ.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्हाला त्या शर्यतीशी काय करायचं?" प्रश्न बरोबर आहे. पण आपल्या उल्हासनगर कॅम्प १ मध्ये आणि शेजारच्या म्हारळ, वरप, कांबा ह्या गावांत आज दुचाकी, रिक्षा, टेंपो पुष्कळ झाले आहेत. प्रत्येक आळीत एखादा पोरगा असतोच, ज्याला जुनी गाडी उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच्या हातात कला असते. ती कला कुठे लावावी, गाडीत पैसा आधी कशावर घालावा, हे दमाची शर्यत फार चांगलं शिकवते. इथे चुकलं, तर गाठ जिवाशी आहे.

१. फेऱ्यांचा हिशेब

आधी थोडं गणित करू. समजा, शर्यत चार तासांची आहे. चार तास म्हणजे २४० मिनिटे.

पहिली गाडी फार वेगवान आहे. ती एक फेरा ४ मिनिटांत मारते. पण तिचं इंजिन तापतं, पट्टा तुटतो, चाक सैल होतं. दुरुस्तीत तिची ८० मिनिटे जातात. धावायला राहिली १६० मिनिटे. १६० ला ४ ने भागा. झाले ४० फेरे.

दुसरी गाडी बेताच्या चालीची आहे. तिला एका फेऱ्याला ५ मिनिटे लागतात. पण ती फक्त पेट्रोल भरायला आणि चालक बदलायला थांबते. त्यात १५ मिनिटे जातात. राहिली २२५ मिनिटे. २२५ ला ५ ने भागा. झाले ४५ फेरे.

सावकाश चालणारी गाडी पाच फेऱ्यांनी जिंकली. लहानपणी ऐकलेली ससा आणि कासवाची गोष्ट ती हीच. फरक एवढाच, की इथे ससा झोपला नाही; त्याचा पाय मोडला.

२. पाचशे डॉलरची गाडी

फ्रान्स देशात ल माँ नावाचे शहर आहे. तिथे १९२३ साली चोवीस तासांची मोटार शर्यत सुरू झाली. गाड्या दिवसभर आणि रात्रभर धावतात. चालक पाळीपाळीने बसतात. कुणाची गाडी जास्त टिकाऊ आहे, हे त्या शर्यतीत कळते. आज तिथे मोठमोठ्या कंपन्या उतरतात आणि पाण्यासारखा पैसा खर्च करतात. सामान्य माणसाचे ते काम नाही.

मग सामान्य माणसाने काय करावे? अमेरिकेतील काही हौशी लोकांनी तोड काढली. २००६ साली त्यांनी कॅलिफोर्निया प्रांतात भंगारातल्या गाड्यांची दमाची शर्यत सुरू केली. नाव ठेवले, 'चोवीस तासांची लेमन्स'. लेमन म्हणजे लिंबू. पण तिकडे सारख्या बिघडणाऱ्या गाडीलाही लोक लिंबूच म्हणतात. ल माँची ही थट्टा.

नियम असा, की गाडीची किंमत ५०० डॉलरच्या वर जाता कामा नये. आपल्या पैशात चाळीस हजारांच्या थोडे वर. कुणी लपवून जास्त खर्च केला आहे असे पंचांना वाटले, तर ते त्याला शर्यतीआधीच काही फेऱ्यांचा दंड करतात. सगळ्यात मोठा मान पहिल्या आलेल्या गाडीलाही नाही. जी गाडी सगळ्यांत टाकाऊ दिसते, आणि तरी अपेक्षेपेक्षा फार चांगली धावते, तिला तो मान मिळतो!

पण ह्या नियमात एक मोठी शहाणपणाची गोष्ट आहे, ती नीट ध्यानात घ्या. चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, त्याचे आसन, त्याचे पट्टे, ब्रेक आणि टायर ह्यांचा खर्च त्या ५०० डॉलरमध्ये धरत नाहीत. तो खर्च वेगळा, आणि तो करावाच लागतो. का बरे? कारण तो खर्च मर्यादेत धरला, तर माणूस इंजिनावर पैसे घालील आणि ब्रेकमध्ये काटकसर करील. इंजिन स्वस्त घ्या, पत्रा स्वस्त घ्या, रंग देऊच नका. पण जीव स्वस्त करू नका.

३. पिथमपूरची शर्यत

आता आपल्या देशाकडे येऊ. इंदूरजवळ पिथमपूर नावाचे औद्योगिक गाव आहे. तिथे २००७ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची एक स्पर्धा सुरू झाली. तिचे नाव 'बाहा'. एस.ए.ई. इंडिया ही मोटार अभियंत्यांची संस्था ती भरवते. आपल्या महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतली मुलेमुलीही तिच्यात भाग घेत आली आहेत.

विद्यार्थ्यांनी एका माणसाची, खाचखळग्यांतून चालणारी गाडी स्वतः बांधायची. पेट्रोल गाड्यांच्या स्पर्धेत अनेक वर्षे सगळ्यांना एकाच कंपनीचे, १० अश्वशक्तीचे इंजिन होते. त्यात फेरफार करायला मनाई. म्हणजे ताकद सगळ्यांची सारखी, आणि तीही एखाद्या साध्या मोटारसायकलीएवढीच. मग जिंकायचे कशाच्या जोरावर? बांधणीच्या जोरावर.

तिथे आधी तपासनीस गाडी तपासतात. गाडी थांबवून दाखवावी लागते. ब्रेक दाबला की चारही चाके एकदम अडकली पाहिजेत. तीन अडकली आणि एक फिरले, तर गाडी नापास. खर्चाचा हिशेब लिहून द्यावा लागतो, त्यालाही गुण असतात. चढ चढणे, वळणे घेणे ह्यांच्या परीक्षा होतात. आणि सगळ्यांत शेवटी चार तासांची दमाची शर्यत. त्या दिवशी खड्डे, दगड, चिखल ह्यांतून जाताना पुष्कळ गाड्या मध्येच मोडून बसतात. वर्षभर केलेले काम चार तासांत उघडे पडते.

४. गाडी बांधताना काय पाहतात?

पिंजरा. गाडी उलटली तर चालक चिरडू नये म्हणून त्याच्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा करतात. त्यात त्रिकोण मुद्दाम ठेवतात. त्याचे कारण घरी बसून पाहता येईल. आम्ही वर्गात मुलांना काड्या द्यायचो. चार काड्या टोकांना बांधून चौकोन करा आणि कोपऱ्यावर दाबा. चौकोन लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा. काडी मोडेल, पण त्रिकोण तिरका होणार नाही. आपल्या घराच्या छपराला सुतार कैची घालतो ती ह्याचसाठी.

नळ्यांचे सांधे वेल्डिंगने जोडतात. वरून सांधा चकचकीत दिसला म्हणजे तो पक्का झाला असे नाही. 'बाहा'च्या मुलांना एक नमुन्याचा सांधा जोडून तो तोडून दाखवावा लागतो. तुटायचीच तर नळी तुटली पाहिजे, सांधा तुटता कामा नये. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

पट्टा आणि कळ. पट्टा खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येतो. गाडी उलटताना हात बाहेर जाऊ नयेत म्हणून हातांनाही पट्टे असतात. इंजिन तत्काळ बंद करायच्या दोन कळा असतात. एक चालकाच्या हाताशी, दुसरी बाहेरून दिसेल अशी. चालक बेशुद्ध पडला तर दुसऱ्या कुणाला तरी इंजिन बंद करता आले पाहिजे ना! आग विझवायचे नळकांडेही गाडीवरच असते.

ब्रेक. गाडीचा वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. म्हणून इंजिनाची ताकद वाढवली आणि ब्रेक तेच ठेवले, तर ती गाडी सुधारली नाही, बिघडली.

ब्रेक गाडीची गती खातो आणि तिची उष्णता करतो. सारखा ब्रेक दाबला तर लायनर तापतात आणि पकड कमी होते. ब्रेकचे तेल हळूहळू हवेतली ओल शोषून घेते. असे जुने तेल तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पायाखालचा ब्रेक एकदम खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून शर्यतवाले ताजे तेल घालतात. मुरबाडवरून माळशेज घाटाने जाणारे जुने ड्रायव्हर एक नियम सांगतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिन गाडीला मागे धरते, ब्रेक थंड राहतो. शर्यतीतलं शास्त्र आणि घाटातलं शास्त्र एकच आहे.

इंजिन गार ठेवणे. मोटारीच्या इंजिनाभोवती पाणी फिरते. ते रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्याने निवते. रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली ठेवते. दाबाखालचे पाणी उशिरा उकळते, जसे आपल्या कुकरमध्ये. म्हणून गाडी तापली असताना ते झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंडावर येते. जुनी गाडी शर्यतीसाठी घेतली, की जाणता मिस्त्री इंजिन मोठे करण्याआधी रेडिएटर साफ करतो आणि जुने रबरी पाईप व पंख्याचा पट्टा बदलतो. त्याला ठाऊक असते, दोनशे रुपयांचा पाईप फुटला की वीस हजारांचे इंजिन बसते.

वजन. गवताची गाडी उंच भरली की वळणावर कलते. मोटारीचेही तसेच. म्हणून जड वस्तू खाली आणि मध्यावर ठेवतात. जे नको ते काढून टाकतात. वजन कमी झाले की तेच इंजिन जास्त पळते, ब्रेकवर ताण कमी येतो, टायर कमी झिजतात. एका पैशात तीन कामे!

नट-बोल्ट. हादऱ्यांनी नट सैल होतात. म्हणून घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढतात. रेघ नटावरून बोल्टावर जाते. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. मग पाना न लावताही नुसत्या नजरेने कळते. रंगाच्या एका छोट्या डबीत अख्ख्या गाडीची राखण होते.

५. वही

आता आम्ही सांगणार आहो ते अवजार कुठल्याही गॅरेजात स्वस्तात मिळेल. ते म्हणजे वही.

दमाच्या शर्यतीत एक माणूस गाडीला हातही लावत नाही. तो नुसता लिहितो. फेरा किती मिनिटांत झाला? पेट्रोल किती भरले? ते किती फेरे पुरले? कुठला नट सैल झाला? चालक कधी बदलला? हे लिहिले म्हणजे पुढच्या वेळी अंदाज करावा लागत नाही. आठ लिटरमध्ये वीस फेरे होतात असे वहीत असेल, तर बाविसाव्या फेऱ्याला गाडी मैदानाच्या पलीकडे बंद पडत नाही.

कुणाची आठवण कितीही दांडगी असो, रात्री दमलेल्या डोक्याला ती दगा देते. कागद दगा देत नाही. आपण अक्षर शिकलो ते कशासाठी? सही करण्यापुरते नव्हे. आपल्या रिक्षाचे तेल कधी बदलले, टायर कधी घातला, हे आजपासून लिहायला लागा. तुमच्या वहीने तुमची गाडी टिकेल.

६. देवराष्ट्रेची गाडी

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार ह्या कारागिराने जुन्या भंगारातून एक छोटी चारचाकी तयार केली. शिक्षण बेताचे, पण हात जाणते. खर्च आला सुमारे साठ हजार रुपये. मोटारसायकलीसारखी किक मारली की ती सुरू व्हायची.

डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्र सगळीकडे पसरले. महिंद्र कंपनीचे आनंद महिंद्र ह्यांनी ते पाहिले. त्यांनी कारागिराचे कौतुक केले. पण हेही स्पष्ट सांगितले, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो गाडी देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

ह्या गोष्टीला दोन बाजू आहेत. एक बाजू अभिमानाची. आपल्या खेड्यातल्या माणसाच्या हातात केवढी बुद्धी आहे! दुसरी बाजू विचाराची. एवढी बुद्धी असूनही ती गाडी रस्त्यावर चालवता येत नव्हती. कारण रस्त्यावरच्या गाडीची परीक्षा झालेली असावी लागते.

७. मैदान वेगळे, रस्ता वेगळा

आमच्या उल्हासनगरला टाकाऊतून टिकाऊ करणे नवे नाही. हे गावच मुळी जुन्या लष्करी छावणीत वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना बराकींत जागा मिळाली, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हाती लागेल त्यातून धंदा उभा करायचा, अशी ह्या गावाची रीत. ती चांगलीच आहे.

पण अलीकडे काही पोरे दुचाकीचा सायलेन्सर काढून टाकतात. आवाज मोठा झाला म्हणजे गाडी पळते असे त्यांना वाटते. आरसे काढतात, टायर बदलतात, आणि रात्री कल्याण-मुरबाड रस्त्यावर एकमेकांशी पैज लावतात. ही शर्यत नव्हे. शर्यतीला मैदान असते, पंच असतो, शिरस्त्राण असते, दवाखान्याची गाडी उभी असते. समोरून ट्रक येत नाही. कडेने शाळेतून घरी जाणारे पोर चालत नाही.

कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ बांधणीला सोडून गाडीत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. काही बदलांना परवानगी मिळते, उदाहरणार्थ मान्य केलेला गॅसचा संच बसवणे. पण तेही आर.टी.ओ.कडून गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहून घ्यावे लागते. म्हणून जुनी गाडी विकत घेताना आधी पुस्तक वाचा. इंजिनाचा नंबर आणि पुस्तकातला नंबर जुळतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आता वाचता येते, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे कारण नाही.

८. पोराला काय सांगाल?

घरात असा एखादा खटपट्या मुलगा किंवा मुलगी असेल, तर रागावून पाना काढून घेऊ नका. पाना काढून घेतला तर कला मरते. रस्त्यावर मोकळे सोडले तर पोर मरते. मधला मार्ग शाळेचा आहे.

दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तिथून तंत्रनिकेतनात पदविकेला जाता येते. पदवी घ्यायची असेल तर पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे पोचलेल्या मुलाला 'बाहा'सारख्या शर्यतीत स्वतः बांधलेली गाडी उतरवता येते. गावात गाडीची दुरुस्ती करणाऱ्या बापाचे पोर तिथे मागे पडत नाही. उलट, पाना कसा धरायचा हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

मात्र तिथेही त्याला पहिला प्रश्न हाच विचारतील : तुझी गाडी किती पळते हे नंतर सांग. आधी ती थांबते का ते दाखव.

लक्षात ठेवा

पैसा आधी ब्रेकवर, मग टायरवर, मग इंजिनावर.
तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.
वेग दुप्पट, तर ब्रेकने थांबायचे अंतर चौपट.
केलेले काम वहीत लिहावे.

विचार करा आणि लिहा

१. एक गाडी ६ मिनिटांत एक फेरा मारते. चार तासांच्या शर्यतीत ती एकूण ३० मिनिटे थांबली. तिचे किती फेरे झाले?
२. लेमन्स शर्यतीत ब्रेकचा खर्च गाडीच्या किमतीत का धरत नाहीत?
३. काड्यांचा चौकोन आणि त्रिकोण करून पाहा. काय दिसले ते तीन ओळींत लिहा.
४. तुमच्या घरातील वाहनाचे नोंदणी पुस्तक काढा. इंजिनाचा नंबर वाचा आणि वहीत उतरवा.